रात्री तीन वाजता कुणाला विचारायचं?



या वेळी उन्हाळी वाळवणावर लिहायचं ठरवलं होतं. पण परवा स्थानकात सामायिक पारून आम्ही चार-पाच जणी पायरीवर बसलो होतो, तेव्हा विषय निघाला तो सुनांच्या मोबाइलचा. "दिवसभर त्या आयांच्या ग्रुपात असतात, बाळाला शिंक आली तरी तिथे विचारतात, घरात आम्ही काय मेलो काय?" असं एक जण म्हणाली. दुसरी म्हणाली, त्या ग्रुपांनीच हल्लीच्या पोरींची डोकी फिरवलीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन वर्षांपूर्वी मीही डोलावली असती. परवा गप्प बसले, आणि घरी येऊन सुनेला विचारलं की आपलं सगळं लिहू का. ती म्हणाली, "लिहा मम्मी, पण मी वेडी होते असं वाटेल असं लिहू नका." म्हणून हा लेख तिच्या परवानगीनं आणि तिनं वाचून झाल्यावर तुमच्यापुढे ठेवते आहे. वाळवणाचं पुढच्या वेळी.

छकुली सहा महिन्यांची होती. पौषातली थंडी. तुम्हाला पाटोद्याची थंडी माहीत असेल, बालाघाटाच्या डोंगरावरून वारा येतो आणि फरशी बर्फासारखी होते. मी रात्री तीनच्या सुमारास उठले तर स्वयंपाकघरात निळा उजेड. ओट्याला टेकून सून जमिनीवर बसलेली, मांडीवर छकुली झोपलेली, आणि मोबाइलच्या उजेडात हिचे गाल ओले. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "अगं, पोरीला थंडी लागेल ना, आणि तो मोबाइल ठेव आधी." म्हणजे ती रडते आहे हे दिसूनही मी बोलले ते मोबाइलवर.

मग तिनं दाखवलं. ती दोन ग्रुपांत होती. एक सगळ्या मराठी आयांचा, मोठा, कुठल्या कुठल्या गावच्या बायका त्यात. तुम्हाला ठाऊक आहे का, व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात आता १०२४ जण बसतात. आमच्या गल्लीत सगळी घरं मोजली तरी इतकी माणसं भरायची नाहीत. दुसरा ग्रुप आपल्या जैन आयांचा, लहान.

मोठ्या ग्रुपात तिनं रात्री लिहिलं होतं की मुलगी सहा महिन्यांची, वजन सहा किलो दोनशे, ठीक आहे ना? दहा मिनिटांत उत्तरं. माझा साडेआठ आहे. माझी आठ. दूध पुरत नसेल. वरचं सुरू करा. आणि एक उत्तर असं की तुम्ही जैन लोक मुलांना काही खाऊ देत नाही, अंडं द्या, गाजर द्या, बटाटा द्या, नाहीतर पोर कुपोषित होईल. जैन ग्रुपात तिनं त्याच्या तीन दिवस आधी विचारलं होतं की डॉक्टरांच्या कागदावर गाजराचं सूप लिहिलं आहे, काय करू. तिथे एका बाईंनी कंदमुळातल्या अनंत जिवांवर लांबलचक लिहून शेवटी म्हटलं होतं की आई होऊन लेकराला पहिल्याच घासाला पापात ढकलू नकोस. त्याच्याखाली चाळीस जणींनी हात जोडलेले. चाळीस! त्या चाळीसातल्या एकीनंही, मग गाजराच्या जागी काय द्यायचं, ते सांगितलं नव्हतं.

इकडच्या बायकांच्या लेखी ती पोरीला उपाशी मारणारी, तिकडच्यांच्या लेखी पापात ढकलणारी. आणि घरात मी, "मोबाइल ठेव" म्हणणारी.

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्यावरून बीड गाठलं, बालरोगतज्ज्ञांकडे. त्यांनी आधी विचारलं, जन्माला किती होती? दोन किलो सहाशे. "मग दुपटीच्या वर गेली की," ते म्हणाले, आणि सरकारी माता-बाल कार्डावरच्या आलेखावर टिंब काढून दाखवलं. हा आलेख घरात सगळ्यांच्या कार्डात असतो, बघत कुणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली ही मापं ठरवली, ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली आईच्या दुधावर वाढलेली बाळं मोजून. सहा महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ७.३ किलो, पण ५.७ पर्यंत ते नेहमीच्या पट्ट्यातच धरतात. मुलांचं मधलं ७.९. म्हणजे त्या साडेआठवाल्या मुलाची आणि आमच्या छकुलीची तुलनाच चुकीची होती, तो मुलगा, ही मुलगी, त्याचं जन्माचं वजन काय ते कुणालाच माहीत नाही. डॉक्टर म्हणाले की एका टिंबावरून काही कळत नाही, टिंबं जोडून रेघ वर चढते का ते बघा. आमची चढत होती.

मग गाजराचं विचारलं. ते हसले. म्हणाले, तो कागद सगळ्यांना एकच छापलेला आहे, त्यातलं चालत नाही ते खोडा. लाल भोपळा द्या, पिकलेली पपई द्या, पुढे आंबा येईलच. मुगाची डाळ आणि तांदूळ मऊ शिजवून, वर घरचं तूप. नाचणी सत्त्व. केळं कुस्करून. पातळ पाणी पाजू नका, चमचा तिरका केला तर ओघळून जाऊ नये इतकं दाट हवं. मीठ-साखर वर्षभर नको. लोहाचं औषध मात्र चुकवू नका, सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह बाळाला पुरत नाही. ते औषध आशाताई आठवड्यातून दोनदा एक-एक मिली देण्यासाठी आणून देतात, आमच्या घरात ती बाटली फ्रीजवर बंद पडून होती, हेही इथेच कबूल करते.

एवढ्यावर लेख संपवता आला असता की बघा, ग्रुप वाईट, डॉक्टर चांगले. पण त्या रात्री त्या मोठ्या ग्रुपातून अजून एक निरोप आला होता, तो तिनं मला दोन दिवसांनी दाखवला. नांदेडकडची कुणी एक बाई. हिला ओळखत नाही, पाळखत नाही. तिनं सगळ्यांसमोर न लिहिता वेगळं लिहिलं होतं: "किलोचं राहू दे, तू झोपतेस का? तुझे गेल्या महिन्यातले सगळे निरोप रात्री दोन ते चारमधले आहेत."

मैत्रिणींनो, मी त्याच घरात होते. सून उठते हे मला दिसत होतं, जेवण टाकते हे दिसत होतं, बोलत नाही हेही. मी मनात म्हणत होते, माहेरून येऊन तीन महिने झाले, अजून मन रमत नाही. त्या बाईनं चारशे चेहरे नसलेल्या निरोपांतून जे ओळखलं ते मी समोर बसून ओळखलं नाही. तिनं पुढे लिहिलं होतं की तिला स्वतःला पहिल्या बाळंतपणानंतर असंच झालं होतं, रोज रडू यायचं, बाळ झोपलं तरी झोप यायची नाही, आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर ते नुसतं हळवेपण नसतं, डॉक्टरला सांगायचं असतं.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं बहुतेकींना होतं आणि आपोआप जातं. पण न जाणारं, महिनोन् महिने राहणारं औदासीन्य हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत की जगात नुकत्याच बाळंत झालेल्या शंभर बायकांत साधारण तेरा जणींना मानसिक त्रास होतो, मुख्यतः औदासीन्याचा, आणि आपल्यासारख्या विकसनशील देशांत हे प्रमाण वीसच्या जवळ जातं. म्हणजे पाचात एक. तुमच्या घरातल्या पाच बाळंतपणांची आठवण करून बघा. मी केली, आणि मला माझी धाकटी जाऊ आठवली, जिला आम्ही सगळ्यांनी "आळशी" ठरवलं होतं.

सुनेवर सहा महिने उपचार झाले. पाहुण्यांना मी सांगितलं की थायरॉइडची गोळी चालू आहे. हे खोटं बोलल्याचं संवत्सरीला मी तिच्यासमोर कबूल केलं, तुमच्यासमोर आज करते. ज्यांना बीड-जामखेड गाठणं जमत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस ही फोनसेवा २०२२ पासून आहे, १४४१६ हा क्रमांक, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण लागेल तेव्हा शोधायचं सुचत नाही.

आता पायरीवरच्या प्रश्नाकडे येते. आमच्या वेळी घरातच सगळं विचारायचो, तेच बरं होतं, असं जी म्हणाली तिला मी विचारते: खरंच बरं होतं? माझा मुलगा १९९६ चा. मलाही एक ग्रुप होता, आमची गल्ली. त्यात समोरच्या काकू होत्या, ज्या माझ्या सासूबाईंना मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, हिला दूधच नाही. एक म्हातारी सुईण होती, तिनं मुलाला गुटी उगाळून मधातून चाटवली. आपल्याकडे मध अभक्ष्य, सासूबाई एकदा अडल्या, पण "औषधाला चालतं" म्हणून गप्प झाल्या. आज डॉक्टर सांगतात की वर्षाच्या आतल्या बाळाला मध थेंबभरही देऊ नये, त्यात एका जातीच्या जंतूंची बीजं असू शकतात, बाळाच्या कोवळ्या आतड्यात ती वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. माझ्या मुलाला काही झालं नाही हे माझं नशीब, गल्लीचं शहाणपण नव्हे. तेव्हा घरातला सल्ला शुद्ध आणि मोबाइलवरचा भेसळीचा, असं मी म्हणणार नाही.

फरक आहे तो दुसरीकडे. काकू टोचून बोलायच्या, पण संध्याकाळी त्याच काकू मुलाला तासभर घेऊन बसायच्या आणि मी झोपायचे. मोबाइलमधल्या हजार जणींपैकी एकीलाही मूल घेता येत नाही. शिवाय काकूंचं बोलणं हवेत विरून जायचं. ग्रुपातलं तसंच राहतं, रात्री तीन वाजता पुन्हा वर सरकवून वाचता येतं. सून म्हणाली की त्या अंड्याच्या निरोपावर तिनं निदान वीस वेळा बोट नेलं असेल.

आणि वजनाचं झालं की रांगण्याचं येतं, रांगण्याचं झालं की दातांचं. छकुली नवव्या महिन्यात रांगत नव्हती, बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत स्वयंपाकघरभर फिरायची. ग्रुपात पुन्हा घबराट. त्याच २००६ च्या अभ्यासात दिसलं आहे की शंभरातली चारेक मुलं हातापायांवर कधी रांगतच नाहीत, सरळ उभी राहतात. आणि आधाराशिवाय चालायला कुणी आठव्या महिन्यानंतर लागतं तर कुणी सतराव्या. छकुली चौदाव्याला चालली. आता पळते आणि माझा चष्मा लपवते.

विकणाऱ्या बायकांबद्दलही लिहायला हवं, कारण आपल्या पोरींना त्या ओळखू येत नाहीत. वजनाचा निरोप टाकल्यावर तासाभरात सुनेला एका 'सल्लागार' ताईंचा खासगी निरोप आला, दुधाच्या पावडरीचा डबा घ्या, माझ्याकडून घेतला तर सूट. आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे, २००३ साली तो आणखी कडक झाला, त्यानुसार अशा पावडरींची, बाटल्यांची आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या डब्यातल्या अन्नाची जाहिरात करायला मनाई आहे. खरोखर गरज असेल तर डॉक्टर सांगतील. ग्रुपात मैत्रीण बनून आलेली बाई सांगत असेल तर तिला नमस्कार करून बाजूला करा. आणि दुसऱ्या वेळी मुलगाच व्हावा म्हणून काय खावं, कोणत्या तिथीला काय करावं, असे निरोपही त्याच ग्रुपांत फिरतात. हे वाचताना मला आपल्या जिल्ह्याची लाज वाटते. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, महाराष्ट्रात सगळ्यांत कमी. अशा जाहिरातींवर कायद्यानं बंदी आहे, इंटरनेटवरच्याही बंद कराव्यात म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१७ साली निकाल झाला. पण जाहिरात बंद करता येते, ताईनं ताईला पाठवलेला निरोप कोण बंद करणार? अहिंसा आपण पाणी गाळताना पाळतो. तो निरोप पुढे ढकलताना आपल्या बोटाला ती आठवावी.

आपल्या जैन ग्रुपांबद्दल एक बोलते, राग मानू नका. पर्युषणात तिथे लहान मुलांच्या तपाचे फोटो येतात. पाच वर्षांच्या मुलीचा उपवास, आठ वर्षांच्या मुलाची अठाई, खाली शेकडो अनुमोदना. तपाची अनुमोदना करावी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ते फोटो बघून शेजारच्या आईच्या मनात येतं की आमचं तर चोविहारही करत नाही. आणि मग ती मुलाला म्हणते, बघ तो कसा करतो. २०१६ साली हैदराबादेत आपल्याच समाजातली तेरा वर्षांची मुलगी अडुसष्ट दिवसांच्या उपवासानंतर गेली, तेव्हा सगळ्या देशानं आपल्याला प्रश्न विचारले आणि आपण चिडलो. कुटुंबाचं दुःख मोठं, त्यावर मी बोट ठेवत नाही. मला एवढंच वाटतं की मुलानं स्वतःहून म्हटलं, शक्तीप्रमाणे केलं, डॉक्टर आणि महासतीजींना विचारून केलं, तर ते तप. शेकडो अंगठ्यांसाठी केलं तर कशाला तप म्हणायचं? फोटो टाकू नये, इतकं तरी आपण करू शकतो. घरच्यांनी पारणं करवावं, ताट वाढावं, बस्स.

मग ग्रुप सोडायला लावला का सुनेला, असं पायरीवरच्या मैत्रिणींनी विचारलं असतं. नाही. पहिल्या महिनाभरात मी तसं म्हटलं होतं, मुलगाही म्हणाला, मोबाइल काढूनच घेऊ. सून म्हणाली, "मग रात्री मी कुणाशी बोलू?" ह्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा दुकानात सकाळी नऊला बसायचा म्हणून रात्री उठत नाही. शेवटी उत्तर निघालं ते असं की मी नाहीतरी चारला उठते, तर चार ते सातची पाळी माझी. छकुली माझ्याजवळ, सून दार लावून झोपणार. मुलाला रात्री दहा ते बारा. कुरकुर झाली, पण पंधरा दिवसांत त्याला लंगोट बदलता यायला लागला, दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगायचा. सलग पाच तास झोप मिळायला लागल्यावर तीन वाजताचे निरोप आपोआप थांबले. मोबाइलवर आम्ही कुलूप घातलं नाही. तिनं स्वतःच एक केलं, चोविहाराच्या वेळी ताटं उचलली की ग्रुपांचा आवाज बंद, सकाळी नवकारशीनंतर सुरू. नांदेडच्या त्या बाईंचा नंबर मात्र चालू.

दुपारी मी दुकानात थोडा वेळ बसते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आधी बायका सामान न्यायला येतात. एकीच्या झोळीत चार महिन्यांचं लेकरू होतं. तिच्याकडेही मोबाइल होता, चांगला. मी विचारलं, बाळाचं काही विचारायचं झालं तर कुणाला विचारतेस? "कुणाला विचारू भाभी, तिकडं फडात रेंज बी नसती." आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, पण फड म्हणजे काही घर नव्हे. तिला क्षारसंजीवनीची पाकिटं आणि उकळलेल्या पाण्याचं सांगून पाठवलं. आमच्या पोरींचं दुःख सल्ले जास्त झाल्याचं, तिचं एकही नसल्याचं.

सध्या सून त्या जैन ग्रुपात उत्तरं लिहिते. कुणी गाजराचं विचारलं की हिचं उत्तर पहिलं, आणि प्रवचन नाही, पाककृती. मागच्या आठवड्यात एकीला भोपळ्याची पेज हवी होती. मी पोळ्या लाटता लाटता सांगत होते, ही लिहीत होती.

"तूप किती, मम्मी?"

"अंदाजानं घाल म्हणावं."

"अंदाजानं म्हणजे किती चमचे? तिला अंदाज असता तर तिनं विचारलं असतं का?"

मी लाटणं ठेवलं, तुपाचा डबा काढला, आणि आम्ही दोघींनी चमच्यानं मोजून बघितलं. एक चहाचा चमचा भरला.